तंबूच्या काठात शिवलेले दात

तुमचा पहिला दुधाचा दात पडला, तेव्हा तुम्ही तो कुठे टाकला होता, आठवतं? कौलांवर? गच्चीवर? की आईने एका डबीत जपून ठेवला आणि आता ती डबी कुठे आहे ते घरात कुणालाच ठाऊक नाही?

आता डोळे मिटा आणि माझ्याबरोबर असं एक गाव मनात आणा, जिथे दात फेकायला एकाही घरावर कौलं नाहीत. घरंच नाहीत. नजर पोचेल तिथवर मातकट तंबू आहेत. झाड नाही, त्यामुळे सावली हवी असेल तर पत्र्याच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचं. गवत नाही, त्यामुळे शेळ्या पुठ्ठे खातात. दुपारी वाळू अशी तापते की मुलं चालत नाहीत, उड्या मारतात. आणलंत डोळ्यांपुढे? मग त्या टाकीमागे नऊ वर्षांची एक मुलगी बसलेली दिसेल. ती जिभेने एक दात मागेपुढे हलवते आहे. तिचं नाव तूफा.

ही गोष्ट अजून घडलेली नाही. तुम्ही आईबाप व्हाल, तुमच्या मुलांचे दुधाचे दात पडू लागतील, साधारण तेव्हाची ती आहे.

तूफाचे लोक मूळचे अद्रूमचे. अद्रूम म्हणजे समुद्रापासून आत पसरलेलं मोठं वाळवंट, आणि त्याच्या मधोमध पांढरंशुभ्र मिठाचं तळं. तूफाची आजी, सल्का, दहा वर्षांची होती तेव्हा शेजारच्या राज्याने अद्रूममध्ये सैन्य घातलं. लोक रातोरात निघाले, सतरा दिवस चालले, आणि तिसऱ्याच एका देशाच्या ओसाड कडेला येऊन थांबले. ‘चार दिवसांचा मुक्काम’ म्हणून तंबू ठोकले. त्याला बावन्न वर्षं झाली.

अद्रूमचं पुढे काय करायचं, हे अद्रूमच्या लोकांनीच मत देऊन ठरवावं, असं सगळ्या जगाने केव्हाच मान्य केलं होतं. गाडं अडलं होतं ते एकाच प्रश्नावर. अद्रूमचे लोक म्हणजे कोण? शेजारी राज्य म्हणे, “छावणीतले लोक कुठून कुठून गोळा झालेत, त्यांच्याकडे कागद कुठे आहेत?” छावणीतले म्हणत, “कागद तुम्हीच जाळलेत.” या एका वाक्यावर बावन्न वर्षं गेली.

आणि मग आलं दात वाचणारं यंत्र.

त्यामागचं विज्ञान सोपं आहे. खडकांत स्ट्रॉन्शियम नावाचं एक मूलद्रव्य असतं. ते कॅल्शियमचं चुलत भावंड म्हणा ना. त्याचे काही अणू जरासे जड असतात, काही हलके. जड किती आणि हलके किती, हे प्रमाण खडकाचं वय आणि जात यांवर ठरतं, म्हणून प्रदेशाप्रदेशात ते वेगळं असतं. खडकातून ते पाण्यात उतरतं, पाण्यातून चाऱ्यात, चाऱ्यातून शेळीच्या दुधात, आणि दुधातून वाढत्या बाळाच्या दातात. शरीराला वाटतं, हे कॅल्शियमच आहे. हाडं जन्मभर मोडत आणि नव्याने घडत राहतात, पण दातावरचं कठीण कवच, म्हणजे एनॅमल, एकदाच घडतं. दुधाच्या दाताचं तर आईच्या पोटातच घडायला लागतं. तेव्हा तुम्ही लहानपणी कुठलं पाणी प्यायलात, हे तुमचा दात मरेपर्यंत विसरत नाही.

पूर्वी हे वाचायला मोठी प्रयोगशाळा लागे. आता शिवणयंत्राएवढी एक पेटी आली होती. तिला पेनासारखी कांडी. कांडीतला लेसर केसाहून बारीक कण उडवी आणि दोन मिनिटांत आकडा दाखवी. दोन्ही बाजूंनी यंत्राला होकार दिला. पण विश्वास कुणाचाच कुणावर नव्हता, म्हणून एक अट घातली. यंत्राने वाचलेला प्रत्येक दात त्याच क्षणी साऱ्या जगाला दिसेल अशा नोंदीत जाईल आणि तो कुणालाही पुसता येणार नाही. शिवाय ज्याचा दात वाचला, त्याला त्या नोंदीखाली स्वतःचं एक वाक्य लिहिता येईल.

ज्याचा दात अद्रूमचा निघेल, त्याला आणि त्याच्या मुलांना, नातवंडांना मत. मत म्हणजे परत जाण्याचा रस्ता. छावणीत त्या दिवशी बायकांनी ढोल वाजवले. दात काही खोटं बोलत नाही!

*

यंत्र शाळेच्या मोठ्या तंबूत ठेवलं होतं. ते चालवायला हेमांगी सावे नावाची तरुण शास्त्रज्ञ आली होती, थेट आपल्या चिपळूणची. मुलं तिला ‘दातवाल्या बाई’ म्हणत. तिथली बोली ती अडखळत बोले आणि चुकली की स्वतःच आधी हसे. शेजारी मतदार आयोगाचे निरीक्षक बसलेले. उंच, वाळके, हातात नियमांचं पुस्तक. माणूस दुष्ट नव्हता. नियम सोडला तर आपण वाळूत बुडू, असं वाटणाऱ्यांपैकी होता.

आधी तूफाची आई बसली. एम्बारका तिचं नाव, शाळेत शिकवायची. तिने तोंड उघडलं. दातांवर तपकिरी डाग होते. छावणीत जन्मलेल्या सगळ्यांचेच दात तसे असतात. तिथल्या विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड फार, आणि ते कोवळ्या दातांवर डाग पाडतं.

यंत्राने आकडा दाखवला. निरीक्षकांनी तो वाचला, “छावणी. म्हणजे, बाहेरच्या.”

“कुठून बाहेरच्या?” एम्बारकाने विचारलं. “हा देश म्हणतो तू आमची नाहीस, पाहुणी आहेस. तुम्ही म्हणता तू तिकडची नाहीस. मग मी काय पाण्याच्या टाकीची नागरिक आहे?”

“हा निकाल यंत्राचा आहे, बाई.”

“आणि शेजारी राज्याने तिकडे आपली माणसं आणून वसवलीत, त्यांची मुलं?”

हेमांगीने हळूच सांगितलं, “ती अद्रूमचंच पाणी पिऊन वाढलीत. त्यांचे दात अद्रूमचे निघतात.”

“पोरांचा दोष नाही त्यात,” सल्का आजी मागून म्हणाली. “बस झालं, ऊठ. मी तिथली आहे ना? माझा दात बघा, की माझ्यामागे तुम्ही सगळ्या आलातच.”

ती ऐटीत पुढे झाली आणि खुर्चीत बसून तिने तोंड उघडलं. हेमांगीने कांडी लावली. दोन मिनिटं गेली. पडद्यावर उमटलं, ‘खनिज नाही.’ हेमांगीने पुन्हा लावली. पुन्हा तेच.

“आजी,” ती चाचरत म्हणाली, “ही... कवळी आहे का?”

“मग काय! लहबीबने केलीय. सुपारीसुद्धा फुटेल.”

तंबूत हशा पिकला. छावणीत दातांचा डॉक्टर वर्षातून एकदा येई आणि आला की उपटूनच जाई. जे खरोखर अद्रूममध्ये जन्मले होते, त्या म्हाताऱ्यांपैकी कितीजणांच्या तोंडात स्वतःचा दात उरला होता? हसणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं, तसा हशा ओसरला.

“दात नाही, तर पुरावा नाही,” निरीक्षकांनी खालमानेने लिहिलं.

आजी कवळी हातात घेऊन उठली. तिचे गाल आत गेले होते. तूफाने तिला असं चारचौघांत कधी पाहिलं नव्हतं. तिने आजीचा हात धरला आणि बाहेर जाताना निरीक्षकांकडे अशी पाहत गेली की त्यांनी पुस्तक उगाच उलटसुलट केलं.

*

“बाई, तुमच्याकडे पडलेल्या दाताचं काय करतात?” दुसऱ्या दिवशी तूफाने टाकीमागे डबा खाणाऱ्या हेमांगीला विचारलं.

“कौलांवर फेकतात. माझा पहिला पन्हळीत अडकला होता. आजोबा शिडी घेऊन चढले आणि शिडीसकट खाली आले.”

तूफा खळखळून हसली आणि लगेच तिने ओठ मिटून दात झाकले. छावणीबाहेरच्या माणसांसमोर ती नेहमी असंच करी. “आम्ही वाऱ्यावर फेकतो,” ती म्हणाली. “पण आजी म्हणते, पूर्वी असं नव्हतं. तिकडे दात तंबूला देत.”

“तंबूला?”

“काठात शिवून.”

हेमांगीचा घास हातातच राहिला. “तूफा, मला आजीकडे घेऊन चल. आत्ता.”

अद्रूममध्ये तंबू बाईचा असतो. शेळीच्या काळ्या केसांच्या पट्ट्या विणून तो ती स्वतः शिवते आणि लेकीचं लग्न झालं की आपल्या तंबूतली एक पट्टी उसवून तिला देते. म्हणून छावणीतल्या कापडी तंबूंमध्येसुद्धा एक तरी काळी पट्टी असतेच. मीठ काढणाऱ्यांमध्ये आणखी एक रीत होती. बाळाचं नाव ठेवलं की आई तंबूच्या काठात बोटभर कप्पा शिवी आणि त्यात तळ्यातल्या मिठाचा एक खडा ठेवी. सातव्या-आठव्या वर्षी मुलाचा पहिला दात पडला की तो त्या खड्याशेजारी जाई आणि कप्पा कायमचा बंद होई. छावणीत तळ्याचं मीठ कुठून येणार? म्हणून रीत मोडली. एम्बारकाचा दात वाऱ्यावर गेला. तूफाचेही गेले.

आजीने खांबामागची काळी पट्टी खाली ओढली आणि काठावरून बोट फिरवलं. “हा माझ्या थोरल्या बहिणीचा, हिरवा दोरा. हा निळा, दादाचा. आणि हा लाल, माझा. बाई, रीत माझ्या पणजीच्याही आधीची आहे. पण रीत पुरावा होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही बघा. चहाच्या किटलीत पाणी असून तहानेने बसावं, तसं झालं.”

“आणि हा पिवळा?” तूफाने विचारलं. तो कप्पा चपटा होता.

“तो अली. धाकटा,” आजी म्हणाली. “त्यात नुसतं मीठ आहे. चार वर्षांचा होता. अकराव्या दिवशी वाटेत गेला. दात पडायचं वयच झालं नाही त्याचं.”

मग आजीने सुई काढली आणि लाल दोरा तटातट तोडला. आत तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा दात होता. पांढराशुभ्र, एकही डाग नसलेला.

*

निरीक्षकांनी दाताकडे पाहिलं आणि पुस्तक उघडलं. “नियम नऊ. दात अर्जदाराच्या तोंडात असला पाहिजे. नाही तर उद्या कुणीही कुणाचाही दात आणेल.”

“तो आजींचाच आहे का, हे पेशींवरून तासाभरात कळेल,” हेमांगी म्हणाली.

“नियम पेशींबद्दल बोलत नाही. तोंडात, असं लिहिलंय.”

“तोंडात?” आजीने विचारलं.

“तोंडात.”

“बरं,” आजी म्हणाली आणि निघाली.

ती थेट लहबीबच्या टपरीवर गेली. लहबीब पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, हल्ली कवळ्या करायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. “सल्का, तुझं वय बासष्ट. दुधाचा दात बसवून काय पाळण्यात निजणार आहेस?”

“तू बसव. मग मी चावून दाखवते, कुणाला ते बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी पुन्हा त्या खुर्चीत बसली. मोठमोठ्या पिवळट दातांच्या रांगेत, पुढेच, एक चिमुकला पांढरा दात चमकत होता. तिने तो निरीक्षकांना नीट दिसेल असं हसून दाखवलं. “तोंडात आहे. बघून घे, मुला.”

निरीक्षकांनी नियम तीनदा वाचला. ‘उगवलेला’ हा शब्द त्यात कुठेही नव्हता. हेमांगीने आजीच्या गालातून कापूस फिरवला, दाताचा कण घेतला. पेशी जुळल्या. मग कांडी लावली, आणि पडद्यावर जो आकडा आला तो अद्रूमच्या मिठाच्या तळ्याचा होता. एकेक अंक.

बातमी वाऱ्याने नेली. दुपारपर्यंत छावणीभर बायका काळ्या पट्ट्या मांडीवर घेऊन काठ उसवत होत्या. लहबीबच्या टपरीसमोर म्हाताऱ्यांची रांग लागली. त्यात भांडणं, त्यात थट्टा. “अरे, तो तुझा नाही, तुझ्या भावाचा दात, तू कुठे इतका देखणा होतास!” चार दिवसांत दोनशे चाळीस म्हातारी माणसं दुधाचा दात घेऊन यंत्रापुढे बसली. एकूण एक अद्रूमची निघाली.

पाचव्या दिवशी निरीक्षकांना वरून निरोप आला. त्यांनी तो सगळ्यांसमोर उभं राहून वाचला, आणि वाचताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “नियम नऊ, दुरुस्ती. दात जबड्यात मुळासकट असला पाहिजे. ही दुरुस्ती मागील सर्व अर्जांना लागू. दोनशे चाळीस अर्ज रद्द. उद्या सकाळी यंत्र परत जाईल.”

बाहेर एक शेळी पुठ्ठा चावत होती.

“जग बघतंय ना ती नोंद?” एम्बारकाने विचारलं.

“नोंद पुसली जात नाही,” हेमांगी म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. “पण मत कुणाला, हे आयोग ठरवतो. आजच्या दिवसात मुळासकट दात असलेलं कुणीही बसू शकतं. पण आता बसून काय...”

तूफाची जीभ हलणाऱ्या दातापाशी गेली. तो आता एका बाजूनेच चिकटून होता. कालपासून कधीही पडेल असा. ती आजीच्या मांडीवरून उठली, सगळ्यांच्या मधून वाट काढत गेली आणि खुर्चीत चढून बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते.

“माझा वाचा,” ती म्हणाली.

“तू लहान आहेस, बाळ,” निरीक्षक म्हणाले. “तुला मत नाही.”

“मत नाही मागत. कुटुंबाच्या यादीत नाव आहे माझं. दात जबड्यात आहे. मूळ आहे. पुस्तकात वय लिहिलंय का?”

निरीक्षकांनी पुस्तक उघडलंच नाही. ते त्यांना पाठ होतं. वय लिहिलेलं नव्हतं.

“तूफा, यंत्र काय म्हणेल ठाऊक आहे ना?” ते खाली वाकून, अगदी मास्तरांसारखे समजावत म्हणाले. “ते म्हणेल, छावणी. ते तुझ्या लोकांच्या विरुद्ध जाईल.”

“म्हणू दे की. खरंच आहे ते.”

तिने आ केला. एवढा मोठा की सगळे तपकिरी डागाळलेले दात पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसले. हेमांगीने कांडी लावली. तूफाने तिचा हात धरून ठेवला. दोन मिनिटांनी आकडा आला. छावणीतली सात नंबरची विहीर.

“वाक्य,” तूफा म्हणाली. “वाक्य लिहिता येतं ना?”

“येतं. सांग.”

तिने जिभेने दात एकदा मागेपुढे हलवला. मग म्हणाली, “लिहा. हा दात मी कुठली आहे ते सांगत नाही, मला कुठे अडवून ठेवलं होतं, ते सांगतो.”

हेमांगीने ते जसंच्या तसं लिहिलं. आजीने तोंडावर पदर घेतला. निरीक्षकांनी आपली खुर्ची उचलून बाजूला ठेवली, कारण तूफाच्या मागे शाळेतली सगळी मुलं रांगेत उभी राहिली होती आणि रांग तंबूबाहेर गेली होती. एम्बारका शिस्तीने नावं पुकारू लागली, हजेरी घ्यावी तशी. मुलांमागून त्यांच्या आया आल्या, बाप आले. “कांडी तापते आहे, जरा थांबूया,” असं निरीक्षक एकदाही म्हणाले नाहीत. दिवस मावळेपर्यंत नोंदीत दोनशे तपकिरी दात गेले होते आणि प्रत्येकाखाली तेच वाक्य होतं. वर यंत्राने दाखवलेला विहिरीचा नंबर तेवढा बदले. दूरदूरच्या देशांत लोक नकाशा उघडून पाहू लागले की अद्रूम म्हणतात ते आहे तरी कुठे, आणि ही सात नंबरची विहीर त्यापासून सतरा दिवस चालण्याइतकी लांब का.

उद्या काय होईल, हे कुणालाच माहीत नव्हतं. यंत्राची पेटी ट्रकवर चढत होती.

आणि तूफा?

ती तंबूत परतली. दात धरून तिने एक पीळ दिला, हिसडा मारला, रक्त वाळूवर थुंकलं आणि तळहातावरचा तपकिरी दात आजीपुढे धरला. “शिवायचा.”

आजीने काळी पट्टी खाली ओढली. तिचं बोट पिवळ्या दोऱ्यापाशी थांबलं. “इथे ठेव. इथे मीठ आहे. बावन्न वर्षं दाताची वाट बघतंय.”

तूफाने त्या चपट्या कप्प्याला हात लावला. आतला खडा बोटाला लागला.

“हा अलीचा आहे,” ती म्हणाली. “माझं मीठ मी आणीन.”

मग तिने सुईत जांभळा दोरा ओवला, कारण तो अजून कुणाचाच नव्हता. पिवळ्या टाक्यांच्या शेजारी तिने स्वतःचा कप्पा घातला, वाकडातिकडा, आत दात ठेवला आणि तीन बाजू घट्ट शिवल्या. वरची बाजू तिने उघडीच ठेवली. एका खड्यापुरती.